मालपेची सेंट मेरीज बेटं: आईबाबांना आणि लेकीला घेऊन ठाण्याहून जावं का?

खाडीकाठ

नमस्कार मंडळी,

हिवाळ्यात चार-पाच दिवस काढून उडुपीला जायचं मनात आहे. मुख्य आकर्षण म्हणजे मालपे बंदरासमोरची सेंट मेरीज बेटं. बरोबर आई, बाबा, नवरा आणि चौथीतली लेक. बाबा सत्तरी ओलांडलेले पण टुणटुणीत, आईचे गुडघे मात्र कुरकुर करतात.

लेकीला दगडांचं वेड आहे. येऊरच्या ओढ्यातले, माळशेजच्या रस्त्याकडेचे, सगळे दगड आमच्या कोलशेतच्या बाल्कनीत नांदतात. तिने कुठेतरी त्या बेटांवरच्या षटकोनी खांबांचं चित्र पाहिलं आणि विचारलं, "हे गवंड्यांनी केलं नाही तर मग कोणी केलं?" मला धड उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून तिथेच जायचं, हे तिने ठरवून टाकलंय.

आईला होडीत चढणं-उतरणं झेपेल का? मुक्काम मालपेत करावा की उडुपीत? आणि ज्यांनी बेट नीट पाहिलंय त्यांना मुद्दाम विचारते: तिथे शांतपणे बघत बसायला वेळ मिळतो का? पोचा, फोटो काढा, परत बोटीत बसा, अशी सहल मला नकोय.

---

वाशीवाला

जा. फक्त नाताळ ते नववर्षाचा आठवडा टाळा आणि शनिवार-रविवार तर अजिबात नको.

---

घंटाळीकर

मी वेगळं सांगतो, राग मानू नका. आम्ही ऑफिसचे बारा-पंधरा जण गेलो होतो, एका सहल कंपनीबरोबर. भर दुपारी बेटावर उतरवलं. ऊन रणरणतं, नारळाच्या झाडाखाली जिथे सावली तिथे आधीच माणसं. वाळू म्हणावी तर पायाखाली शिंपल्यांचा चुरा, अनवाणी चालवत नाही. पोहायला मनाई, ठिकठिकाणी दोऱ्या बांधलेल्या, शिट्ट्या वाजवणारे रक्षक. तासाभरात "चला चला" सुरू. एवढ्या लांब जाऊन हाती काय आलं, असं आमच्यातल्या बहुतेकांना वाटलं.

समुद्रच बघायचा तर आपलं भोगवे, निवती, वेंगुर्ला काय कमी आहे? वाटेतच तर लागतं.

---

नेरूळची_तुळू

माझा जन्म नेरूळचा, पण गाव उडुपीपासून जवळ. दर सुट्टीत जाणं असतं, म्हणून सविस्तर लिहिते.

घंटाळीकर, तुमची निराशा समजते. पण तुम्हाला चुकीच्या वेळी चुकीच्या गोष्टीसाठी नेलं गेलं. ही बेटं म्हणजे चौपाटी नव्हे. तिथे पाण्यात खेळायला गेलेला माणूस नाराज होऊनच परतणार. आणि त्या दोऱ्या उगाच बांधलेल्या नाहीत. खडक शेवाळाने निसरडे असतात, एका बाजूने लाट येते ती कड्याला आपटून माणसाला ओढून नेते. एप्रिल २०२२ मध्ये केरळमधून सहलीला आलेले तीन विद्यार्थी तिथे बुडाले. तेव्हापासून बंदोबस्त कडक झाला, आणि आम्हा गावच्यांना तो हवाच होता.

आता खाडीकाठ ताईंसाठी. बेटं चार: नारळ बेट, उत्तर बेट, दर्याबहादूरगड आणि दक्षिण बेट. त्याखेरीज पाण्यातून डोकं काढणारे लहानसहान खडक बरेच. प्रवाशांना नेतात ते नारळ बेटावर, खांब तिथेच सगळ्यात देखणे आहेत. बेट चिंचोळं, उत्तर-दक्षिण पसरलेलं, जेमतेम अर्धा किलोमीटर लांब. वस्ती नाही, रात्रीचा मुक्काम नाही.

बोटी मालपे बंदरातून सुटतात, चौपाटीवरूनही लहान बोटी जातात. तुम्ही बंदरातली मोठी बोटच घ्या. पुरेशी माणसं जमली की सुटते, त्यामुळे आठवड्याच्या मधल्या दिवशी थोडं थांबावं लागतं. पण त्याच दिवशी बेटावर निवांतपणाही मिळतो. जूनपासून पावसाळा सरेपर्यंत फेऱ्या बंद असतात.

मुक्काम उडुपीत करा. मालपे तिथून सहा किलोमीटरवर आहे, रिक्षा-बस सतत मिळतात. आईबाबांना कृष्णमठ, बाजार, जेवण सगळं हाताशी राहील.

---

मीठमसाला

नेरूळच्या ताईंनी जेवणाचा उल्लेख करून पुढे सरकायचं हे मान्य नाही! नीर दोसा, गोळी बजे, कोरी रोट्टी यांवर स्वतंत्र प्रतिसाद हवा.

---

नेरूळची_तुळू

@मीठमसाला, घ्या. बेटावरून आल्यावर भूक कडकडीत लागते, तेव्हा मालपेतच मासे खा. आपली सुरमई तिथे अंजल, मुडदुशी म्हणजे काणे. काणे रव्यात तळलेले मागा. बांगड्याची पुळीमुंची मागितलीत तर भात जास्त सांगून ठेवा, आंबट-तिखट रस संपता संपत नाही. कोरी रोट्टी म्हणजे तांदळाची कुरकुरीत वाळवलेली रोटी, तिच्यावर कोंबडीचा रस्सा ओतायचा आणि ती मऊ पडायच्या आत संपवायची. शाकाहारी मंडळींनी मट्टू गुळ्ळाची भाजी किंवा सांबार सोडू नये. हे मट्टू गावचं हिरवं गोल वांगं, त्याला भौगोलिक मानांकनही आहे.

ठाण्यातल्या उडुपी हॉटेलांत यातलं फारसं काही मिळत नाही, म्हणून तिथे जाऊन इडली-वडा मागवत बसू नका.

---

सानपाडा_सुपरफास्ट

रेल्वेचं मी सांगतो, हा माझा प्रांत!

तुमच्यासाठी मत्स्यगंधा एक्स्प्रेस. लोकमान्य टिळक टर्मिनसहून दुपारी निघते, ठाण्याला थांबते, पनवेललाही थांबते, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उडुपीत उतरवते. आईबाबांना रात्रभर झोप, सकाळ मोकळी. रात्रीची मंगळुरू एक्स्प्रेसही आहे, पण ती पोचेपर्यंत अर्धा दिवस जातो. नेत्रावतीसुद्धा ठाणे-पनवेल करत उडुपीला जाते, तिला गर्दी फार.

आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. सकाळी आठच्या ठोक्याला बसा, खालचे दोन बर्थ ज्येष्ठांसाठी मिळवा. पावसाळी वेळापत्रकात कोकण रेल्वेच्या गाड्यांचा वेग कमी असतो आणि वेळा बदलतात, म्हणून ऑक्टोबर उलटल्यावरच बेत करा. उडुपी स्टेशन इंद्राळीला, गावापासून दोन-तीन किलोमीटरवर. बाहेर रिक्षा असतात.

दुपारची गाडी घेतलीत तर अंधार पडेपर्यंत खिडकीत बसून बाहेर बघता येतं. लेकीला डोंगर कापून काढलेल्या भिंती दाखवा, त्यात काळ्या दगडाचे थर छान दिसतात.

---

पारसिकचा_दगड

सानपाडाकरांनी शेवटच्या वाक्यात माझ्या मनातलं लिहिलं. मी भूशास्त्र शिकवतो, कळव्यात राहतो. लेकीच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचा प्रयत्न करतो.

तापलेला लाव्हा पसरला की तो वरून आणि खालून थंड होऊ लागतो. थंड होताना आकसतो. आकसायला जागा हवी, पण आजूबाजूचा लाव्हाही आकसतच असतो, त्यामुळे ताण येऊन भेगा पडतात. उन्हाळ्यात आटलेल्या तळ्याच्या चिखलाला भेगा पडतात ना, तशाच. ताण कमीत कमी भेगांत सुटायचा तर तीन भेगा एका ठिकाणी साधारण १२० अंशांत भेटणं सोयीचं पडतं, आणि असे कोन जुळत गेले की षटकोन तयार होतो. मग जसजसा आतला भाग थंड होतो तसतशी भेग आत आत सरकते आणि षटकोनाचा खांब होतो. निसर्ग काटेकोर नसतो, म्हणून पाच बाजूंचे, सात बाजूंचे, क्वचित चार बाजूंचे खांबही सापडतात. लेकीला सांगा, बाजू मोजत फिर. मोठ्यांचाही वेळ कसा जातो कळत नाही.

आणखी एक बघा. खांब नेहमी थंड होणाऱ्या पृष्ठभागाशी काटकोनात वाढतात. जिथे खांब तिरके दिसतील तिथे लाव्हा कसा पसरला होता त्याचा अंदाज बांधता येतो. नारळ बेटावर काही खांब जवळजवळ सहा मीटर उंच आहेत, आणि काही ठिकाणी त्यांची फक्त तोंडं वर दिसतात, फरशी घातल्यासारखी सलग. त्या फरशीपाशी बसा. पाणी मधल्या फटींत शिरतं तेव्हा एकेक षटकोन वेगळा उठून दिसतो.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने या बेटांना राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा दिला आहे. गडकिल्ल्याला देतो तोच मान या दगडांना द्यायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

---

खाडीकाठ

पारसिक सर, किती सोपं करून सांगितलंत! लेकीला वाचून दाखवलं, ती आता भाकरीच्या तव्यावर चिखल वाळवायचं म्हणतेय.

तिचा पुढचा प्रश्न: म्हणजे हा आपल्या ठाण्याच्या डोंगरांतलाच काळा दगड का? कोकण रेल्वेने जाताना सगळीकडे तोच दिसतो, मग तो तिथपर्यंत पोचला का?

---

पारसिकचा_दगड

अगदी योग्य प्रश्न. नाही, तो आपला दगड नव्हे.

पारसिकचा डोंगर, येऊर, मलंगगड, सह्याद्रीचा हा सगळा भाग दख्खनच्या पठाराच्या बेसाल्टचा. तो लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिला. कोकण रेल्वेने तुम्ही सिंधुदुर्गाच्या दक्षिणेकडे गेलात की तो काळा दगड मागे पडतो, जांभा दिसत राहतो आणि त्याच्याखाली फार पुरातन खडक असतात.

सेंट मेरीजचे खांब यापेक्षा जुने, साधारण साडेआठ ते नऊ कोटी वर्षांपूर्वीचे. तेव्हा भारत आणि मादागास्कर एकमेकांना चिकटलेले होते आणि वेगळे व्हायला लागले होते. जमीन फाटताना जो ज्वालामुखीचा उद्रेक झाला, त्याची आपल्या बाजूला राहिलेली खूण म्हणजे ही बेटं. मादागास्करच्या पूर्व किनाऱ्यावर त्याच सुमाराचे ज्वालामुखी खडक आहेत.

बऱ्याच ठिकाणी या खांबांना 'बेसाल्ट' म्हटलेलं वाचाल. रासायनिक तपासणीत मात्र हा खडक रायोलाइट-डेसाइट गटातला निघतो. सोप्या भाषेत, आपल्या बेसाल्टमध्ये सिलिका पन्नास टक्क्यांच्या आसपास, तर याच्यात सत्तरच्या घरात. म्हणून तो काळाकुट्ट नसून करडा-तपकिरी दिसतो. लेकीने तिच्या बाल्कनीतला येऊरचा एक दगड बरोबर न्यावा, खांबाशेजारी धरून रंग ताडून पाहावा आणि आपलाच दगड परत आणावा. तिथला नको.

---

घंटाळीकर

सर, आम्हाला हे त्या वेळी कोणी सांगितलं असतं तर तासभर सेल्फीच्या रांगेत घालवला नसता. तुमच्यासारखं माणूस बरोबर हवं.

माझा मुद्दा तरी अजून उरतोच. खांबच पाहायचे तर महाराष्ट्रात नाहीत का?

---

पारसिकचा_दगड

आहेत ना, आणि तेही पाहायलाच हवेत. कोल्हापूर जिल्ह्यात पन्हाळ्याजवळ बांदिवडे. यवतमाळ जिल्ह्यात शिबला-पारडीला २०२१ मध्ये रस्त्याचं काम करताना असेच खांब उघडे पडले. आणि अगदी लोकलने जाण्याजोगी अंधेरीची गिल्बर्ट हिल. साधारण दोनशे फूट उंचीचा काळ्या खांबांचा सुळका, माथ्यावर गावदेवीचं देऊळ, आणि चहूबाजूंनी इमारती इतक्या खेटलेल्या की रस्त्यावरून तो धड दिसतही नाही. ठाणे-नवी मुंबईतल्या किती शाळा मुलांना तिथे नेतात? मी तर म्हणेन उडुपीला जायच्या आधीच्या रविवारी तिथे जा, मग तुलना आपोआप होईल.

पारसिकच्या डोंगराचं काय झालं ते आपण पाहिलंच आहे. नवी मुंबई उभी राहिली ती बरीचशी त्याच्या खाणींतल्या खडीवर. शहराला खडी लागते, हे मला कळतं. पण खाणीत उघडे पडलेले चांगले छेद एखाद-दोन तरी राखून ठेवायला हवे होते. १९१६ मध्ये खुला झालेला रेल्वेचा बोगदा खणणाऱ्यांना हा डोंगर जितका ठाऊक होता तितकाही तो आज त्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना ठाऊक नाही.

---

दिवाळेकर

दर्याचं मी बोलतो. आमची होडी बेलापूरच्या दिवाळे गावात, आता खाडीत रोहित दाखवायला माणसं नेतो. मालपेला आमचे नातेवाईक मासेमारीच्या बोटीवर कामाला होते, तेव्हा जाणं झालं.

ताई, पहिली गोष्ट वेळ. सकाळची पहिली-दुसरी फेरी धरा. हिवाळ्यात सकाळी मतलई वारा जमिनीकडून येतो, पाणी निवळ असतं. दुपारनंतर खारा वारा उठतो, दर्या चॉप होतो, बोट डुलते. म्हाताऱ्या माणसाला उलटी होते ती परतीच्या फेरीत.

दुसरी गोष्ट चढण-उतरण. आम्ही गेलो तेव्हा मोठी बोट बेटाजवळ थांबली आणि छोट्या होडीत बदली करून उतरवलं. सध्या कसं उतरवतात ते तिकीट काढतानाच विचारा. बदली असली तर आईने घाई करायची नाही. लाट होडीला वर उचलते त्या क्षणी पाय टाकायचा, खाली जाताना नाही. खलाशाचा हात मनगटाला धरायचा, बोटांना नव्हे. बोटं सुटतात.

भरती-ओहोटीची तुम्हाला आपल्या खाडीसारखी धास्ती नको. इथे उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर चढतं, तिकडे दीड मीटरच्या आतबाहेर. तरी ओहोटीची वेळ साधलीत तर खांबांची खालची बाजू जास्त उघडी मिळते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटी खोल लागते, अष्टमीच्या भांगाला कमी. पंचांग बघून तारीख ठरवा.

---

गडवाटा

दिवाळेकर दादांना दंडवत. मनगटाचं लक्षात ठेवतो.

थोडा इतिहास. या बेटांचं नाव वास्को द गामाशी जोडलेलं आहे. त्याने तिथे एक स्तंभ उभारला आणि त्याला सांता मारियाचं नाव दिलं, त्यावरून बेटं सेंट मेरीज झाली.

पण मराठी माणसाने त्या किनाऱ्यावर आठवण काढावी ती १६६५ ची. बसरूर, कुंदापूरजवळचं बंदर, उडुपीच्या उत्तरेला तासाभराच्या अंतरावर. फेब्रुवारी १६६५ मध्ये शिवाजी महाराज स्वतः मालवणहून आरमार घेऊन निघाले. इंग्रजांच्या पत्रांत ८५ फ्रिगेट आणि तीन मोठी गलबतं अशी नोंद आहे. बसरूरवर छापा घालून ते गोकर्णाला आले. महाराज जातीने समुद्रमार्गे गेले ती ही मोहीम. मालपेच्या धक्क्यावर उभं राहिलं की समोरच्या पाण्याकडे बघताना मला हेच आठवतं.

---

मुक्काम_कोपरखैरणे

वास्को द गामा भारतात सगळ्यात आधी याच बेटावर उतरला आणि मग कालिकतला गेला, असं आमच्या गाइडने सांगितलं होतं.

---

गडवाटा

ते अनेक ठिकाणी लिहिलेलं असतं, पण क्रम उलटा आहे. तो मे १४९८ मध्ये कालिकतजवळ पोचला. स्तंभ उभारला तो परतीच्या वाटेवर, सप्टेंबर १४९८ मध्ये, तिथून पुढे अंजदीव बेटाकडे जाताना. त्याच्या ताफ्यातल्या रोजनिशीत तसा उल्लेख आहे.

---

ऐरोलीची_आजी

मी गुडघ्याची पेशंट, वय ताईंच्या आईएवढंच असेल. मुलाबरोबर गेले होते. अनुभव सांगते.

बोटीत चढताना दोन माणसांनी धरलं, झालं. बेटावर मात्र शिंपल्यांच्या चुऱ्यात पाय रुततो, काठी रुतते. चपला नकोत, मागून पट्टा असलेले बूट घाला. खांबांवर मी चढले नाही. नारळाखाली बसले आणि तिथूनही भरपूर दिसलं. टोपी, पाण्याची बाटली आणि लिंबाची गोळी ठेवा. बोटीत बसायच्या आधी प्रसाधनगृहाला जाऊन या, हे कोणी सांगत नाही म्हणून मी सांगते.

आणि आईला कृष्णमठात आधी न्या. नऊ छिद्रांच्या चांदीच्या झरोक्यातून दर्शन घ्यायचं असतं. ती मूर्ती मध्वाचार्यांना मालपेच्या किनाऱ्यावरच मिळाली अशी कथा आहे. वादळात सापडलेलं जहाज त्यांनी वाचवलं आणि नावाड्याने दिलेल्या गोपीचंदनाच्या ढेकळात कृष्ण निघाला. आदल्या दिवशी ही कथा ऐकून दुसऱ्या दिवशी मालपेचा समुद्र बघितला की मन भरून येतं. पुरुषांना आत सदरा काढावा लागतो, बाबांना आधी सांगून ठेवा.

---

सानपाडा_सुपरफास्ट

आजींच्या मठाला पुरवणी: सम वर्षांच्या जानेवारीत, १८ तारखेच्या आसपास पर्याय उत्सव असतो, आठ मठांमधली पूजेची पाळी बदलते. सोहळा बघायचा असेल तर जरूर जा, पण मग खोली आणि गाडी दोन्हींची मारामार.

---

कळवा_नाका

सगळे जा जा म्हणताहेत, मला मात्र काळजी वाटते. अर्धा किलोमीटरचं बेट. त्यावर सुट्टीच्या दिवशी माणसांची रीघ. मी खांबांवर कोरलेली नावं पाहिली. बदाम, बाण, तारखा. नऊ कोटी वर्षं समुद्राला दाद न देणारा दगड, आणि कोणीतरी खिळ्याने त्यावर आपलं नाव लिहून जातो. मुलं खांबावरून खांबावर उड्या मारत होती, आईबाप टाळ्या वाजवत होते. प्लास्टिकला बंदी आहे, तरी वेफर्सचं पाकीट एका फटीत कोंबलेलं मी स्वतः काढलं.

माझं मत स्पष्ट आहे. रोज ठराविक माणसांनाच सोडावं, खांबांच्या भागात बाजूने चालायची लाकडी वाट करावी आणि वर चढण्यावर पूर्ण बंदी घालावी. वेंगुर्ल्यासमोरच्या बर्न्ट आयलंड्सवर पाकोळ्यांच्या घरट्यांची चोरी झाली तेव्हा आपण हळहळलो. नुकसान झाल्यावर हळहळून काय उपयोग?

---

वाशीवाला

अनुमोदन. नाव कोरणाऱ्याला जागेवर दंड हवा.

---

नेरूळची_तुळू

कळवा नाका, नावं कोरण्याबद्दल आणि चढण्याबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. माणसांची संख्या कमी करण्याबद्दल थोडं वेगळं वाटतं. मालपेतल्या कित्येक घरांची चूल या बोटींवर चालते. मासळी पूर्वीसारखी राहिली नाही, पावसाळ्यात मासेमारीची बंदी, वरून बोटीही बंद. जे आठ महिने मिळतात त्यातही संख्या निम्मी केली तर त्यांनी काय करावं?

मला वाटतं मार्ग असा: माणसं तेवढीच, पण आठवडाभर पसरलेली. मधल्या वारी तिकीट स्वस्त, रविवारी महाग. आणि बोटीतल्या त्या वीस-पंचवीस मिनिटांत मोठ्या आवाजात गाणी लावण्याऐवजी कोणीतरी पारसिक सरांसारखं दोन शब्द सांगावं. दगड काय आहे हे कळलेला माणूस त्यावर नाव कोरणार नाही, असा माझा विश्वास आहे.

---

दिवाळेकर

हे बरोबर बोललात ताई. आमच्याकडे रोहित दाखवताना आधी माणसं ओरडायची, दगड मारून पक्षी उडवायची, उडताना फोटो हवा म्हणून. आम्ही आता निघतानाच सांगतो: हे पक्षी कुठून आलेत, खाडीच्या चिखलात काय खातात, उडवले तर त्यांचं खाणं बुडतं. सांगितल्यावर माणसं ऐकतात. न सांगता शिट्टी वाजवली तर चिडतात.

---

कळवा_नाका

तुळू ताई, पोटापाण्याचा मुद्दा मान्य, मी तो विचारात घेतला नव्हता. लाकडी वाटेचा आग्रह मात्र सोडत नाही.

---

मीठमसाला

अवांतर: बेटावर खायला काही मिळतं का? लहान मूल बरोबर आहे म्हणून विचारतोय. (मी स्वतःसाठीही विचारतोय.)

---

नेरूळची_तुळू

त्यावर विसंबून राहू नका. मालपेलाच नाश्ता करून निघा. आणि दारूची बाटली कोणी नेत असेल तर धक्क्यावर तपासणी असते.

---

खाडीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

घरात बसून बेत ठरवला. डिसेंबरचा पहिला पंधरवडा, मत्स्यगंधा, उडुपीत मुक्काम. पहिल्या दिवशी मठ आणि आराम, दुसऱ्या दिवशी आठवड्याच्या मधल्या वारी सकाळची बोट. बाबांनी पंचांग काढून अमावास्येच्या जवळची तारीख निवडली. गडवाटांचं वाचल्यापासून त्यांना बसरूरलाही जायचंय, आणि जाताना मरवंतेला एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला नदी असा रस्ता लागतो म्हणे, तोही बघायचाय. आईचं ठरलंय: बोट बदलायची असली तरी ती येणार, फक्त मनगट धरायला दिवाळेकर दादांसारखं कोणीतरी हवं.

शांतपणे बसायला मिळावं म्हणून आणखी एक विचारते. बोटवाले तास-दीड तास देतात असं दिसतंय. आलो त्या बोटीने न परतता पुढच्या बोटीने आलं तर चालतं का?

---

नेरूळची_तुळू

मधल्या वारी बहुतेक वेळा चालतं, पण चढतानाच बोटवाल्याशी बोलून घ्या आणि पुढची बोट नक्की आहे ना ते विचारा. माणसं कमी असली तर एखादी फेरी रद्दही होते. तुळूत दोन शब्द बोललात तर काम सोपं होईल: "सोल्मेलु" म्हणजे धन्यवाद.

---

पारसिकचा_दगड

जास्तीचा वेळ मिळाला तर बेटाच्या उत्तर टोकाकडे चालत जा, तिकडे गर्दी पातळ होते. लेकीला वही-पेन्सिल द्या. फोटो नको, एका खांबाचं तोंड तिने मोजून काढावं: बाजू किती, प्रत्येक बाजू वितीने केवढी, कोन कुठे मोठा कुठे लहान. असे पाच-सहा खांब काढले की तिला स्वतःलाच दिसेल, सहा बाजूंचे जास्त निघतात की पाच बाजूंचे. आल्यावर ती वही इथे धाग्यावर टाका. मी वर्गात दाखवीन.

---

घंटाळीकर

आणि त्याआधीच्या रविवारी गिल्बर्ट हिलला कोण कोण येतंय? सर, तुम्ही वेळ द्याल का? ठाण्याहून मी येतो, दोन्ही मुलांना घेऊन.

---

पारसिकचा_दगड

आनंदाने. सकाळी साडेसात, अंधेरी स्टेशन पश्चिम. पाण्याची बाटली आणा, पायऱ्या चढायच्या आहेत.

---

मीठमसाला

मी येतो. नाश्त्याची जबाबदारी माझी.